जास्वंद : रानात नसलेल्या झुडपाचा इतिहास

बाराही महिने हिरवे राहणारे आणि वर्षाचा बहुतेक काळ फुलणारे झुडूप म्हणून महाराष्ट्राच्या परसात जास्वंदीची ओळख इतकी जुनी आणि इतकी घरगुती आहे, की तिचे मूळ कोठले हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तुळशीवृंदावनाशेजारी, विहिरीच्या कडेला, कोकणात गडग्याला लागून आणि शहरात सोसायटीच्या कुंपणाआड ती दिसतेच, आणि जी सर्वत्र दिसते ती इथलीच असणार असे गृहीत धरले जाते. वनस्पतिशास्त्राचा दाखला मात्र वेगळा आहे. भेंडी, कापूस आणि अंबाडी ज्या माल्व्हेसी कुळात मोडतात त्याच कुळातील ही वनस्पती, जिचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असे आहे, भारतातच काय, पण जगातील कोणत्याही देशाच्या रानात खात्रीने वन्य म्हणता येईल अशा रूपात आजवर सापडलेली नाही. ज्या वनस्पतीचे वन्य रूप उपलब्ध नाही आणि जी केवळ माणसाच्या लागवडीत टिकून आहे, तिला लागवडजन्य जाती म्हणता येईल. जास्वंद ही अशी जाती असल्याने एका अंगणातली फांदी तोडून दुसऱ्या अंगणात लावणाऱ्या माणसांच्या इतिहासापासून तिचा इतिहास वेगळा काढता येत नाही.

हे असे का घडले, याचे उत्तर फुलाच्या रचनेत आहे. शाळेच्या जीवशास्त्रात फुलाचे भाग शिकवताना जास्वंदच पुढे केली जाते, कारण तिच्यात प्रत्येक भाग मोठा आणि सुटा दिसतो: पाच पाकळ्यांच्या मधून बाहेर झेपावणारा लांब दांडा, ज्यावर पुंकेसर एकमेकांस जोडून नळी झालेली असते, त्या नळीवर पिवळ्या परागकोशांची दाटी आणि टोकाशी मखमली लाल ठिपक्यांसारखी पाच कुक्षिवृंतांची टोके. एवढी सगळी सिद्धता असूनही भारतीय बागांमधील जुन्या लाल जास्वंदीला फळ क्वचितच धरते. शिंजीर पक्षी मधासाठी येतो, पण पुष्कळदा तो समोरून तोंड न घालता फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध चोरतो आणि परागांना स्पर्शही करीत नाही. दुहेरी, म्हणजे गेंदेदार प्रकारांत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. बी धरलेच, तरी त्यातून उगवणारे रोप आईसारखे निपजेल याची शाश्वती नसते, कारण या जातीत गुणसूत्रांचे अनेक संच साठलेले असून लागवडीतील वेगवेगळ्या झाडांत त्यांची संख्याही वेगवेगळी आढळते. तेव्हा एखादी जास्वंद जशीच्या तशी पुढच्या पिढीत न्यायची तर फांदी लावण्यावाचून गत्यंतर नाही. एखाद्या जुन्या वाड्यातली लाल जास्वंद ही या अर्थाने कोणा पूर्वज झाडाची संतती नसून त्याच झाडाचा पुढे चालू राहिलेला देह असतो.

भारतातील तिचा लिखित पुरावा जुना आहे. संस्कृतात तिला जपा म्हणतात, आणि कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या महाकालाच्या सायंपूजेचे वर्णन करताना संध्येच्या तेजाला ताज्या जपापुष्पाच्या लालीची उपमा आलेली आहे. हेच काव्य ज्या रामगिरीवर सुरू होते तो म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले होते. अर्थात त्यावरून रामटेकला तेव्हा जास्वंद होती असे काही सिद्ध होत नाही. व्यासांच्या नावावर असलेल्या आणि मराठी घरांत मुलांकडून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या नवग्रहस्तोत्रातही सूर्याच्या वर्णाला हीच उपमा दिलेली आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या निघंटूत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या गुणकोशात, जपा केश्य, अर्थात केसांना हितकर असल्याचे सांगितले आहे, आणि घरोघरी जास्वंदीची फुले खोबरेल तेलात उकळून केसांना लावण्याचा जो प्रघात आहे त्याला या विधानाचा आधार पोहोचतो. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत हिंदुस्थानातील फुलांची जी यादी दिली तीत गुढल या नावाने हे फूल येते. त्याची पाने तुतीसारखी आणि पाकळ्या पुष्कळ असल्याचे तो नोंदवतो. पुष्कळ पाकळ्यांचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण गेंदेदार फूल हे माणसाच्या निवडीतूनच टिकते. अकबराच्या काळी उत्तर हिंदुस्थानात जास्वंद नुसती लावली जात नव्हती, तर तिच्यातले वाण निवडून राखले जात होते, असे यावरून म्हणता येते.

चीनमधील परंपराही तितकीच जुनी सांगितली जाते. दक्षिणेकडील वनस्पतींवरील ज्या ग्रंथाचे श्रेय जी हान याला आणि काळ इ. स. ३०४ असा दिला जातो, त्यात लाल जास्वंदीचे वर्णन आहे. त्या ग्रंथाच्या आजच्या संहितेबद्दल अभ्यासकांत मतभेद असले तरी दक्षिण चीनमधील तिची लागवड पुरातन होती याबद्दल वाद नाही. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ चीनलाच तिचे मूळस्थान मानले. अलीकडे मात्र काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळी उपपत्ती मांडली आहे. त्यांच्या मते पश्चिम प्रशांत महासागरातील व्हानुआटूकडची एक जाती आणि ताहिती व मार्केसास बेटांकडची दुसरी एक जाती, यांचा संकर पॉलिनेशियन दर्यावर्दी लोकांच्या बागांत झाला आणि तीच आजची जास्वंद होय. तिचे निकटचे वन्य आप्त मुख्यतः प्रशांत आणि हिंदी महासागरांतील बेटांवर आढळतात, ही गोष्ट या उपपत्तीला बळ देते. अडचण कालक्रमाची आहे. पूर्व पॉलिनेशियातील बेटांवर मनुष्यवस्ती इ. स. १००० च्या आसपास झाली असे आज सामान्यतः मानले जाते, आणि कालिदास त्याच्या किमान पाच शतके आधीचा आहे. म्हणजे एकतर कालिदासाची जपा ही दुसरीच कोणती तांबड्या फुलांची वनस्पती होती, किंवा संकराच्या एका जनकाची मूळ व्याप्ती आज दिसते त्याहून मोठी होती, किंवा ही उपपत्ती पूर्णांशाने बरोबर नाही. जपा या नावाची परंपरा संस्कृतपासून बंगालीतील जबापर्यंत अखंड चालत आलेली असल्यामुळे यांपैकी पहिला पर्याय सर्वांत दुबळा वाटतो. एवढे मात्र तिन्ही पर्यायांत समान राहते की भारतात ही वनस्पती बाहेरून आली, बहुधा समुद्रमार्गे आली, आणि फांदीच्या रूपाने आली.

युरोपला तिची सविस्तर ओळख झाली ती सतराव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावरून. कोचीन येथील डच सत्तेचा अधिपती हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने तयार करवून घेतलेला हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला, आणि त्यात चेंपरत्ती या मलबारी नावाने जास्वंदीचे चित्र व वर्णन आले. या ग्रंथाशी कोकणी भाषेचा आणि गोव्याचा जवळचा संबंध आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनमध्ये राहणारे तीन कोकणी वैद्य वनस्पतींची नावे व गुणधर्म सांगण्याच्या कामी होते, आणि त्यांनी दिलेले कोकणीतील प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. छापील नागरीचा तो अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. याच ग्रंथाच्या कामातील इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे नाव अलीकडे योग्य कारणाने पुढे आले आहे, पण मराठी वाचकांत या तिघांची आठवण तितकीशी राहिलेली नाही, ही खेदाची बाब होय. त्याच सुमारास पूर्वेकडे अम्बोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियस या वनस्पती-अभ्यासकाने याच फुलाला सणासुदीचे फूल अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. तेथील मलय भाषेतही ते बुंगा राया, म्हणजे महोत्सवी फूल, म्हणूनच ओळखले जाते आणि २८ जुलै १९६० रोजी मलायाने, म्हणजे आजच्या मलेशियाने, ते राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले. लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानात फिलिप मिलरने १७३१ पर्यंत ती उबदार काचघरात वाढवली होती, आणि १७५३ साली लिनियसने तिला चीनचा गुलाब अशा अर्थाचे शास्त्रीय नाव देऊन मूळस्थानाचा प्रश्न जणू परस्पर निकालात काढला.

भारतात या झुडपाला सांभाळले ते काचघरांनी नव्हे, देवपूजेने. बंगालमध्ये कालीच्या पूजेला रक्तवर्णी जबा अनिवार्य मानली जाते, तर महाराष्ट्रात लाल जास्वंद गणपतीशी जोडली गेली. येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे: गणपत्यथर्वशीर्षात देव तांबड्या फुलांनी पूजिला जातो एवढेच म्हटलेले आहे, फुलाचे नाव नाही. तांबडी कण्हेर, रक्तकमळ, गुलाब यांपैकी कोणतेही फूल त्या वर्णनात बसू शकले असते. जास्वंदीची निवड रूढीने केली, आणि त्या रूढीमागे व्यवहार असणार असे मानण्यास जागा आहे. परसात एकदा लावली की ती श्रावण-भाद्रपदात, म्हणजे नेमक्या गणपतीच्या दिवसांत भरभरून फुलते, मोठे एकच फूल मूर्तीला शोभते आणि खुडल्यावर पाण्याशिवायही ते दिवसभर टवटवीत राहते. शिवाय नित्यपूजेला रोज फूल हवे असते आणि जास्वंद रोज नवे फूल देते.

तिचे फूल पहाटे उमलते आणि संध्याकाळी मिटून गळते. या एका गुणधर्मामुळे तिचा व्यापार शेवंती, झेंडू किंवा निशिगंधासारखा कधी वाढला नाही. शेतात पिकवून, रात्रीच्या गाडीने पाठवून, दुसऱ्या दिवशी मंडईत विकण्याइतका वेळ उमललेली जास्वंद देत नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या फुलबाजारांत ती येते ती बहुधा दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीच्या रूपाने, आणि तीही गणेशोत्सवाच्या हंगामात अधिक. इतर दिवसांत तिचा पुरवठा परसांवरच अवलंबून राहिला. पहाटे परडी घेऊन शेजारच्या कुंपणावरून ओणवणाऱ्या वृद्धांची जी एक स्वतंत्र परंपरा महाराष्ट्रातील प्रत्येक वसाहतीत नांदते, तिचे मूळ या अर्थशास्त्रात आहे. चोरलेल्या फुलांचे पुण्य झाडाच्या मालकाला लागते, अशी एक समजूत या व्यवहारातूनच रूढ झाली असावी. तिने मालकाचे समाधान होते आणि परडीही भरते.

दुसरा इतिहास बागाइतदारांचा, आणि तो प्रामुख्याने बेटांवर घडला. मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर याने १८२० च्या दशकात सामान्य जास्वंदीचा तेथील पांढरट ते नारिंगी छटांच्या स्थानिक जातीशी संकर केला, त्याची रोपे इंग्लंडला पोहोचली आणि १८२९ साली कर्टिसच्या बॉटॅनिकल मॅगझिनमध्ये त्यांचे चित्र प्रसिद्ध झाले. जास्वंदीच्या जाणीवपूर्वक केलेल्या संकराची ही पहिली ज्ञात नोंद होय. १८७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जॉन कर्क याने एक विलक्षण जाती लंडनला पाठवली, जिच्या पाकळ्या झालरीसारख्या कातरलेल्या असून उलट्या वळलेल्या असतात आणि फूल लांब देठावर खाली लोंबते. महाराष्ट्रात झुंबर जास्वंद म्हणून जी लावली जाते ती हीच. फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडियात जास्वंदीच्या कुळाचे प्रकरण लिहिणाऱ्या मॅक्सवेल मास्टर्सने आधी तिला सामान्य जास्वंदीचाच एक प्रकार मानले होते, पण पुढे १८८० मध्ये जोसेफ हुकरने तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. या सर्व सामग्रीचा मेळ हवाई बेटांवर जमला. तेथील स्थानिक जाती, मॉरिशसचे संकर आणि चिनी वाण यांच्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी इतके प्रकार निघाले, की १९१३ साली हवाईच्या कृषी संशोधन केंद्राला शोभेच्या जास्वंदीवर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली आणि १९२३ मध्ये जास्वंद तेथील अधिकृत पुष्प ठरली. ताटाएवढ्या, दुरंगी-तिरंगी पाकळ्यांच्या ज्या जास्वंदी आज रोपवाटिकांत ऑस्ट्रेलियन या नावाखाली मिळतात, त्यांची वंशावळ या बेटांवरच्या संकरांपर्यंत जाते. मुंबईची १८६२ साली खुली झालेली राणीची बाग, पुण्याचे एम्प्रेस गार्डन आणि १८७३ चे गणेशखिंडीतील वनस्पती उद्यान यांनी परदेशी शोभेच्या झाडांची आवड पश्चिम भारतात रुजवली. पण जास्वंदीच्या प्रसारात त्यांचा वाटा परसापरसांतून चाललेल्या देवाणघेवाणीपुढे दुय्यम होता, असेच म्हणावे लागते.

या देवाणघेवाणीचे तंत्र साधे असले तरी काटेकोर आहे, आणि ते पुस्तकांपेक्षा हातांनी जपले. ज्येष्ठ-आषाढात पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी डोळ्याच्या खाली तिरपी कापतात. डोळा म्हणजे पेऱ्यावरची ती जागा जेथून नवी फूट येते. खालची पाने काढून, वरची एक-दोन ठेवून, दोन डोळे मातीत जातील अशी ती रोवतात आणि सावलीत ठेवतात. यालाच छाटकलम म्हणतात. देशी लाल जास्वंद अशा रीतीने सहज मुळे धरते. मोठ्या फुलांचे संकरित वाण मात्र स्वतःच्या मुळांवर पुष्कळदा कमकुवत राहतात, म्हणून जोमदार जास्वंदीच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट वाढवलेल्या खोडावर, त्यांचे कलम बांधतात. बाजारातल्या त्या कलमाची जोडाखालची फूट वेळीच खुडली नाही, तर दोन वर्षांत वरचा वाण मरून खालचा खुंटच वाढतो, आणि महाग घेतलेली पिवळी जास्वंद अचानक लाल फुलू लागल्याचे आश्चर्य घरमालकाला वाटत राहते.

जास्वंदीला कळी नव्या फुटीच्या टोकाकडे लागते, त्यामुळे छाटणी ही तिची मुख्य मशागत होय. पूजेसाठी रोज खुडली जाणारी फुले देठासकट तोडल्याने थोडीफार छाटणी आपोआप होत असे, परंतु न छाटलेले झुडूप उंच, पोकळ आणि बुडाशी उघडे होऊन फुले हाताला येईनाशी होतात. उन्हाळा ओसरताना एक तृतीयांश लांबी कमी केल्यास पावसाळ्यात दाट फूट येते. आळ्यात पाणी साचून राहिले किंवा कुंडी एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा चिखल अशी झाली, तर कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. कोकणात न्हाणीचे पाणी परसातल्या झाडांना सोडण्याची जी पद्धत होती, तीत ओल कमी-जास्त न होता टिकत असे, हे तिचे खरे मर्म होते. आजच्या सज्जातल्या कुंडीला ते सुख नाही.

तिचा जुना शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्याला कापसासारखा पांढरा लेप, आखडून गोळा झालेली पाने आणि खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांची रांग दिसली की तो आलाच म्हणायचा. मुंग्या त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रुकीटकांना हुसकावतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. याची गुलाबी जात १९०८ साली भारतातील नमुन्यांवरून वर्णिली गेली आणि द्राक्षबागायतदारांनाही ती चांगलीच परिचयाची आहे. १९९४ च्या सुमारास हीच कीड कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर पोहोचली तेव्हा तेथील जास्वंदीची कुंपणेच्या कुंपणे वाळून गेली, आणि शेवटी तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या व क्रिप्टोलिमस नावाचा भक्षक भुंगेरा सोडून ती आटोक्यात आणण्यात आली. हा ऑस्ट्रेलियन भुंगेरा भारतात १८९८ मध्येच कॉफीवरील किडीसाठी आणला गेला होता आणि आजही द्राक्षबागांत सोडला जातो. घरच्या एका झुडपासाठी एवढ्या सैन्याची गरज नसते: बाधित शेंडे खुडून नष्ट करणे, पाण्याची जोरकस धार आणि साबणाच्या पाण्यात मिसळलेले कडुलिंबाचे तेल आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारणे एवढ्यावर बहुधा भागते. जहाल कीटकनाशक मारलेल्या झाडावरचे फूल देवाला वाहणे किंवा तेलात उकळणे दोन्ही अनुचित.

जास्वंदीचे जुने देशी वाण मात्र किडीमुळे नाही, तर बांधकामामुळे नाहीसे होत आहेत. वाडा पाडताना आंबा-वडाची निदान परवानगी तरी घ्यावी लागते, परसातल्या झुडपाची कोणी नोंदही ठेवत नाही, आणि नव्या इमारतीच्या बागेत कंत्राटदार एकाच रोपवाटिकेतून एकाच वाणाच्या रांगा आणून लावतो. पिढ्यान्‌पिढ्या फांदीनेच चालत आलेला एखादा फिका गुलाबी किंवा गर्द गेंदेदार वाण असा एकदा तुटला, की कोणत्याही बियाणे-पेढीतून तो परत मिळणार नाही. ज्यांच्या घराचा पुनर्विकास ठरलेला आहे, त्यांनी ज्येष्ठातला पहिला चांगला पाऊस झाल्यावर परसातल्या जास्वंदीच्या दहा-बारा फांद्या कापून त्या निदान चार वेगवेगळ्या घरांत लावायला द्याव्यात.